टरकाचा आरसा

लाखोरीच्या डाळीच्या वड्या वाळत घातल्या की त्या आपल्या पायांनी कुठे जात नाहीत, एवढं वच्छलेला नक्की ठाऊक होतं. पण तिच्या सासरी त्या जात होत्या. अंगणात एका खाटेवर वड्या, दुसऱ्या खाटेवर कोंबड्या हाकायची काठी घेऊन सासरे बापूजी, आणि संध्याकाळी पाहावं तर वड्यांच्या मधोमध हे एवढं टक्कल!

बापूजी छातीवर हात ठेवून सांगत, "कुत्रं नाई, मांजर नाई, कोनी माणूस बी आला नाई." मग घरात उरलं कोण? सासू मनकर्णाबाई तोंडानं काही म्हणत नसत, नुसत्या सुनेच्या गालांकडे बघत. परवा मात्र विहिरीवर चार बायांत बोलून गेल्या, "आमची सून जराशी चटोरच हाये." वच्छलेच्या ते फार जिव्हारी लागलं. तिनं तर वडीचा तुकडाही तोंडात टाकला नव्हता. आता चोर पकडून दाखवल्याशिवाय गावात तोंड वर करता येणार नव्हतं.

तिनं नुसतं मागे वळून पाहिलं असतं तरी काम झालं असतं. पण चूल भिंतीला लागून, वच्छलेचं तोंड भिंतीकडे, पाठीमागे दार आणि दारासमोर सासरे. सुनेनं सासऱ्याला तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. लग्नाला दोन वर्षं झाली, तिनं बापूजींचे फक्त पाय पाहिले होते. पायांवरून माणूस चांगला वाटत होता.

म्हणून चिमूरच्या बाजारात तिनं नवऱ्याला, पत्रूला, थेट आरशांच्या दुकानापुढे उभं केलं. पत्रू भोळा. बायकोला नटायचं आहे असं समजून तो खूश झाला आणि त्यानं रंगीत पोपट काढलेला मोठा आरसा उचलला.

"तुमी मागं जाऊन उभे राहा," वच्छला म्हणाली. "अन् काहीतरी करा."

"काय करू?"

"काही बी."

पत्रू मागे गेला. बाजाराकडे पाठ करून, डोक्यावर पदर घेतलेली वच्छला आरशात बघू लागली. आरशात तिचं नाक दिसलं, दोन्ही पोपट दिसले, आणि पत्रूचं एक कोपर दिसलं. मग तिनं लहान गोल आरसा घेतला, तर त्यात नुसता मिरच्यांचा ढीग. दुकानदार मुखरू हा तमाशा बघत होता. त्यानं विचारलं, "बाई, तुमाले तोंड पाहाचं हाये का गाव?"

"आंगन."

मुखरूनं पोत्याखालून लाकडं वाहणाऱ्या टरकाचा जुना आरसा काढला. पोट आलेल्या माणसासारखा फुगीर. वच्छलेनं तो धरला आणि तिला हसूच फुटलं. अख्खा बाजार त्यात मावला होता. सारं बारीक बारीक, पण सारं होतं. आणि मधोमध तिचा नवरा एका पायावर उभा राहून दोन्ही हात हलवत होता. आजूबाजूचे लोक त्याच्याकडे बघत होते.

"हाच पायजे," ती म्हणाली.

घरी मनकर्णाबाईंनी विचारलंच, "चुलीपाशी आरसा काऊन?"

"धुरात कुंकू फाकते, सासूबाई."

दुसऱ्या दिवशी ताज्या वड्या खाटेवर पडल्या. सासूबाई पडवीत तांदूळ पाखडत होत्या. वच्छला भाकरी थापत होती, आणि पाठ तर अंगणाकडेच आहे म्हणून पदरही खुशाल खांद्यावर पडला होता. आरशात बापूजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग नसलेल्या कोंबडीला "हाड हाड" करून काठी आपटली आणि त्याच झोकात एक ओली वडी उचलून तोंडात टाकली. दात नसलेलं ते तोंड इतक्या सुखानं हलत होतं की वच्छला बघतच राहिली. तरीच वाळलेल्या वड्यांना कधी धक्का लागत नव्हता!

ती सुटली होती. तिला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात आरशातले बापूजी तिच्याकडे बघू लागले. आरसा फक्त आपल्यालाच दाखवतो, असं ती बिचारी धरून चालली होती. दुसरी वडी हातात तशीच राहिली. सून उघड्या डोक्याची, सासरा उघडा पडलेला. बापूजींनी हळूच ओठांवर बोट ठेवलं, आणि वच्छला खदाखदा हसली.

मनकर्णाबाई सूप टाकून धावल्या. "सासऱ्यापुढं हासून राह्यली? काय झालं?"

एक वाक्य बोलायचा अवकाश होता. वच्छलेनं आरशात पाहिलं. म्हातारा काठी उभी धरून मान खाली घालून बसला होता.

"काही नाई, सासूबाई. नाकात धूर गेला."

"धुरानं हासू येते काय? वड्या खाल्ल्या का येते. पाह, आज बी कमी हायेत. आता तुह्या मायलेच बोलावीन."

वच्छलेनं तव्यावरची भाकरी उलटली.

अंगणातून खाकरल्याचा आवाज आला. "तिले काऊन म्हनतेस? म्या खाल्ल्या. रोज म्याच खातो."

"तुमी? तोंडात दात नाई अन्..."

"ओल्या हायेत ना."

मनकर्णाबाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. त्यांना रागवावं की हसावं ते कळेना. आणि बापूजींनी त्या घरात कोणी केलं नव्हतं ते केलं. सरळ सुनेला हाक मारली.

"पोरी, कालच्यात मीठ जरा कमी झालतं."

"उद्या बरोबर टाकीन, बापूजी," वच्छला म्हणाली. हे बोलताना आपण मागे वळून सरळ त्यांच्या तोंडाकडे बघतो आहोत, हे तिच्या मागाहून ध्यानात आलं.