दंडाएवढी केबल

मी डेस ट्रँटर, मकाय शहराजवळच्या एका साखर कारखान्यातला विजेचा इंजिनिअर. माझी बायको सांगते की लग्नाच्या दिवशी मी कमरेला दोन पट्टे लावले होते. एकच होता. दुसरा खिशात होता.

त्या हंगामात ऊस फोडणाऱ्या यंत्राची जुनी वाफेची टर्बाइन काढून तिथं मोठी मोटर बसवायची होती, वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हवर चालणारी. ड्राइव्हमधून येणारी वीज जरा खडबडीत असते, केबल जास्त तापते. म्हणून केबल थोडी जाड घ्यायची. मी घेतली. मग आमच्या उकाड्यासाठी आणखी जाड. मग शेजारच्या केबलींची धग लागेल म्हणून. आणि शेवटी उगाचच, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून.

आली ती दंडाएवढी. वायरमनांची मुकादम मॉइरा केपर्निक रिळाभोवती एक फेरी मारून आली.

"डेस, यावर मोटर चालवायचीय की अख्खं मकाय?"

"जपलेलं बरं असतं, मॉइरा." काय तो माझा रुबाब!

केबल मोटरपर्यंत ओढली. तिथून वळून ती वरच्या जोडणीपेटीत जायला हवी होती. वळेचना. मॉइराची माणसं घामाघूम झाली.

"सरका," मी म्हणालो. "इथं ताकद नाही, युक्ती लागते." आणि केबलला लोंबकळलो. ती बिचारी वाकली. मग तिनं विचार बदलला. मी उडालो तो थेट चिपाडाच्या ढिगात.

"युक्ती लागली का रे कुठं?" मॉइरानं विचारलं. हसून तिला उभं राहवत नव्हतं.

कानातला भुसा काढता काढता डोक्यात उजेड पडला. एका जाड केबलीऐवजी दोन बारीक केबली शेजारी शेजारी टाकल्या तर भार तेवढाच वाहतील, गारही राहतील आणि मुख्य म्हणजे वळतील. कागदावर मी सगळं धरलं होतं, फक्त ते वळण सोडून.

मॅनेजर सॅल टोरिसीला सांगायला गेलो. त्याच्या फोनवर ऊसवाल्यांची रांग होती.

"दोन बसतील?" त्यानं विचारलं.

"बसतील."

"पेटी मोजलीस?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. "नाही," मी म्हणालो. "आत्ता मोजतो."

मग मी आणि मॉइरा मोटरवर पालथे पडून, केबलींऐवजी बागेतल्या पाण्याच्या नळीचे दोन तुकडे त्या पेटीत वळवून बघत बसलो. बसले. नव्या केबली टाउन्सव्हिलहून आल्या. गाळप उशिरा सुरू झालं आणि तेवढ्या वेळात ऊसवाल्यांनी मला अशी नावं ठेवली की माझं बारसं नव्यानं झालं.

मोटर फिरली. वेग चढत गेला, ऊस कडाकडा फुटू लागला. मी एका केबलीवर हात ठेवून उभा.

"ताप आहे का पेशंटला?" मॉइरा ओरडली.

"कोमट आहे."

"मग सोड हात. लोक बघतायत."

सोडला. तिची पाठ वळताच दुसऱ्या केबलीवर ठेवला.