आधारपेशी आणि सरांची साफसफाई

"मेंदूचा इतिहास उद्या अकरा वाजता नव्याने लिहिला जाईल!" सरांनी जाहीर केलं. ऐकायला एकट्या तंत्रज्ञ ताई होत्या, आणि त्या पेशी वाढवायच्या एका बशीचं झाकण शोधत होत्या.

उद्या अकराला खोल्या वाटणारी समिती येणार होती. सरांची प्रयोगशाळा म्हणजे एकच खोली, पण खिडकीची. भिंतीपलीकडच्या प्रयोगशाळेतले यकृतवाले तिच्यावर कधीपासून डोळा ठेवून होते. सरांचा सिद्धान्त तरला तर खोली सरांची, नाहीतर त्यांची.

सिद्धान्त साधा होता. मेंदूत मिरवतात चेतापेशी. त्यांचं खाणंपिणं बघतात त्या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या आधारपेशी. साखर फोडायची, पचेल असा घास करायचा आणि चेतापेशींच्या तोंडात घालायचा. सरांचं म्हणणं, थायरॉइडचं संप्रेरक मिळालं की या पेशी कामाला भिडतात. नाही मिळालं तर पाय पसरून बसतात. म्हणून सहा बशांत संप्रेरक घातलं होतं, सहा कोऱ्या ठेवल्या होत्या. आज फक्त उरलेली साखर मोजायची होती.

ताईंनी मोजली. मग पुन्हा मोजली.

"सर, दोन्हीकडे सारखीच फस्त. कोऱ्या बशांनीसुद्धा ताव मारलाय."

सर मटकन खाली बसले. आपल्या खिडकीत मांडलेल्या यकृतवाल्यांच्या कुंड्याही त्यांना आतापासूनच दिसू लागल्या.

ताईंनी मात्र फ्रिजमधून सीरमची बाटली काढून उजेडात धरली. पेशींना वासराच्या रक्ताचं सीरम लागतं, पण त्यात वासराची स्वतःची संप्रेरकं असतात. म्हणून ताई आधी त्यात कोळशाची भुकटी ढवळत. कोळसा संप्रेरकं ओढून घेई, तो काढून टाकला की मागे करडट सीरम उरे. कोऱ्या बशांना फक्त तेच घालायचं.

बाटलीतलं सीरम मधासारखं लखलखत होतं.

"सोमवारी मी रजेवर होते. फ्रिजला कोणी हात लावला?"

सर खिडकीबाहेर बघू लागले. "समिती येणार म्हणून मीच जरा आवरलं. ती बाटली फार कळकट दिसत होती हो, ताई. ओतून दिली. ताजं भरून ठेवलं."

"आणि बाटलीवरची 'कोळसा ढवळलेलं' ही चिठ्ठी?"

"ती चांगली होती. ठेवली."

ताईंनी बाटली टेबलावर ठेवली. सर मात्र ताडकन उठले. "म्हणजे कोऱ्या बशांनाही संप्रेरक मिळत होतं! म्हणजे माझा सिद्धान्त खरा!"

"किंवा खोटा. कळायला पुन्हा कोळसा ढवळावा लागेल. आणि नव्या पेशी वाढायला तीन आठवडे."

तीन आठवडे! हातात होती एक दुपार. कोऱ्या बशांची साखर कागदावर थोडी वाढवली तर? सरांनी पेन उचललं. ताईंनी नुसतं बघितलं. सरांनी पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे त्यांनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"चिठ्ठी तशीच ठेवलीत?"

"हो."

बाई इतक्या हसल्या की काय झालं ते बघायला यकृतवाल्यांचे प्रमुख दारात आले. महिन्याची मुदत मिळाली.

समिती गेल्यावर सर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, घसा साफ केला आणि विज्ञान, सत्य, मानवजात अशी सुरुवात केली. ताईंचे हात मनगटापर्यंत कोळशाने काळे झाले होते.

"सर, तेवढं एक करा," त्या म्हणाल्या. "महिनाभर काही आवरू नका."