ताईची साक्ष

जिममध्ये तिला सगळे डावरी म्हणत, कारण तिचा डावा हात उजव्यापेक्षा भारी होता. आधी ती किकबॉक्सिंगची विजेती. गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी लाथा बंद करायला सांगितल्या, तेव्हा ही पठ्ठी बॉक्सिंगकडे वळली आणि तिथलंही राष्ट्रीय विजेतेपद खेचून आणलं. तिला शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "हिचे पाय बांधा, हात चालतील. हात बांधा, तोंड चालेल."

आणि मग खरोखरच तिचे हात बांधले गेले.

एका रविवारी दुपारी ती दुरुस्त झालेली इस्त्री द्यायला ताईकडे, थोरल्या बहिणीकडे, गेली. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत भावजींनी ताईला भिंतीशी दाबून धरलं होतं, गळ्यावर हात. डावरीने इस्त्री खाली ठेवली आणि ओरडली, "भावजी, सोडा तिला!" त्यांनी मान वळवली, पण हात काढला नाही. तिने एक ठोसा मारला. भावजी मागच्या खुर्चीसकट आडवे झाले. जबडा मोडला होता.

संध्याकाळी पोलीस आले. भावजींची तक्रार होती की नवराबायकोची साधी बोलाचाली चाललेली असताना मेहुणीने येऊन हल्ला केला. आणि ताईने जबाब दिला, "मी स्वयंपाकघरात होते. काही पाहिलं नाही."

रिंगमध्ये खाल्लेला कुठलाच मार डावरीला इतका लागला नव्हता.

खटला उभा राहिला. निकाल लागेपर्यंत बॉक्सिंग संघटनेने तिचा खेळण्याचा परवाना काढून घेतला. पोट तर भरायला हवं, म्हणून ती एका फर्निचरच्या दुकानात लागली. कपाटं उचलून जिने चढायची. गिऱ्हाइकं तिला ओळखायची. एक आजोबा म्हणाले, "पोरी, कपाट जरा खिडकीकडे सरकव. विनंती करतोय हं, भांडत नाहीये." तिला हसू आलं. त्या दिवसांत तेवढंच काय ते हसू.

आईचे तर दोन्हीकडून हाल. ताईला फोन लावला की ताई हवापाण्याच्या गप्पा मारायची आणि ठेवता ठेवता हळूच विचारायची, "ती जेवते ना नीट?"

साक्षीच्या दिवशी वकीलबाई डावरीला म्हणाल्या, "बहीण त्यांच्या बाजूची साक्षीदार आहे. मला तिची उलटतपासणी घ्यावी लागेल. रडेल ती."

"नका रडवू तिला."

"मग तुम्ही तुरुंगात जाल."

डावरी टेबलाखाली हात एकमेकांत घट्ट धरून बसली.

ताई पिंजऱ्यात उभी राहिली. वाळली होती. सरकारी वकिलांनी कागद चाळत विचारलं, "घटना घडली तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात होता, बरोबर?"

"नाही."

वकिलांनी मान वर केली. "मग कुठे होता?"

"भिंतीला टेकलेली. ह्यांचा हात माझ्या गळ्यावर होता. श्वास घेता येत नव्हता."

"तुमचा जबाब वेगळा आहे."

"तो खोटा दिला. घाबरले होते, अजूनही घाबरलेय. हे म्हणाले होते, दंड भरून सुटेल ती. आज बाहेर बाकावर आईकडून कळलं, तिला तुरुंग होऊ शकतो." मग ती न्यायाधीशांकडे वळली. "तिने एकदाच मारलं, साहेब. मी सुटले, तशी ती थांबली."

बाहेर आल्यावर ताईने विचारलं, "राग आलाय ना माझा?"

"आलाय. आधी घरी चल, मग भांडू."

ताई त्या दिवशी जी आईकडे आली, ती परत गेली नाही. वकीलबाईंनी शोधाशोध केली, तेव्हा त्या वेळी ताईला तपासताना गळ्यावरचे वळ पाहिलेल्या डॉक्टरही साक्षीला तयार झाल्या. डावरी निर्दोष सुटली आणि भावजींवर गुन्हा दाखल झाला. निकाल ऐकताना आईने डोळे मिटून इतका लांब श्वास सोडला की शिपायाने वळून पाहिलं. डावरीचे खांदे एकदम सैल पडले. ते इतके दिवस कानाशी चढले होते, हे तिला तेव्हाच कळलं.

परवाना परत मिळाला. पहिल्याच लढतीत ती गुणांवर हरली. पाय जड झाले होते, अंदाज चुकत होते. उस्ताद रागाने लालबुंद. "अगं, हसतेस काय? हरलीस तू!"

"हो ना," ती म्हणाली. घामाने निथळत होती, ओठ सुजला होता आणि हसू काही आवरत नव्हतं. दोरांपलीकडून ताई पंचांच्या नावाने घसा फोडून शंख करत होती आणि आई तिला ओढून खाली बसवू पाहत होती.

"पुढच्या वेळी जिंकू, उस्ताद," डावरी म्हणाली. "आधी त्या दोघींना आवरते."