सावित्रीकाठचं स्टेडियम

कुवेतहून सुट्टीवर आला की झकेरिया घरात बॅग टाकायचा आणि आधी मैदान गाठायचा. महाडबाहेर, सावित्रीच्या काठी, बाभळीचं रान तोडून त्याने आणि दत्तारामने ब्याण्णव साली ते उभं केलं होतं. झकेरिया सेंटर फॉरवर्ड, दत्ताराम गोलकीपर. मोहल्ल्यातले आणि बाजारपेठेतले सगळे मिळून काटे वेचत, टोपल्यांनी माती वाहत. गोलचे खांब पाण्याच्या जुन्या पाइपांचे होते. पुढे माणगाव-रोह्याचे संघ खेळायला येऊ लागले.

दहा वर्षांनी तो कायमचा परतला तेव्हा दत्ताराम क्लबचा अध्यक्ष होता. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याला गाठून त्याने मैदानाला भिंत, बसायला पायऱ्या, खेळाडूंना खोल्या मंजूर करून आणल्या होत्या. ‘आपलं स्टेडियम होतंय’ हे झकेरियाने कुवेतमध्ये ज्याला त्याला सांगितलं होतं.

झकेरिया पोचला तो उद्घाटनाच्याच दिवशी; घरात बॅग टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून तो मैदानावर गेला. रस्त्याकडून नुसते दुकानांचे गाळेच दिसत होते, पायऱ्या त्यांच्या छपरावर. खेळाडूंच्या खोल्यांत केटररची पातेली रचलेली. मैदानभर मांडवाच्या खांबांचे खड्डे. नदीकडच्या गोलमध्ये आदल्या दिवशीच्या लग्नाच्या उष्ट्या पत्रावळी, आंबलेला भात, त्यावर माश्या घोंगावत होत्या. संडासाचं पाणी तिथेच पाझरत होतं. झकेरियाच्या चपलेखाली काहीतरी बुळबुळीत आलं. त्याने नाकाला रुमाल लावला. स्टेजवर पुढारी खेळाच्या सेवेबद्दल बोलत होता. शेजारी बसलेला दत्ताराम मान डोलावत होता.

सत्कारासाठी झकेरियाचं नाव पुकारलं गेलं. दत्ताराम शाल घेऊन जवळ आला, पण झकेरियाने शालीला हात लावला नाही.

“तू कुठं उभा राहायचास, ते बघितलंस काय?” त्याने हळूच विचारलं. “तिथं आता घाण वाहते.”

“मॅच वर्षातून चार हायत,” दत्ताराम तसाच हसत म्हणाला. “लग्नं किती, ते बघ ना. क्लब चालवायचा तर हे करावं लागतं.”

झकेरिया स्टेजवरून उतरून चालता झाला. घरी आल्यावर बायकोने, हफिजाने जेवण वाढलं, तर तो चपला घासत बसला.

दुसऱ्या दिवशी क्लबचे जुने गडी घेऊन तो गोलचे खांब उपटायला गेला. दत्ताराम भांडेल, निदान कारण तरी विचारेल, असं त्याला वाटलं होतं. दत्ताराम गाळ्याच्या पायरीवर दात कोरत बसला होता.

“न्या, न्या,” तो म्हणाला. “मांडवाला आडवेच येतात ते.”

त्या बोलण्याची झकेरियाला पत्रावळींहून जास्त किळस आली.

आता भात कापून झाला की आंबेनळी घाटाखालच्या एका उताराच्या शेतात तेच खांब रोवून ते सगळे खेळतात. चेंडू सारखा ओढ्यात जातो. क्लबचं नाव मात्र अजून त्या गाळ्यांवर मोठ्या अक्षरांत आहे. बाजारात दत्ताराम भेटला की हात पुढे करतो. झकेरिया तो धरत नाही.