वरचे हॅस्किन्स, खालचे हॅस्किन्स

आम्ही खालचे हॅस्किन्स. टेकडीवर राहतात ते वरचे. मूळ पुरुष एकच, झाडोक हॅस्किन्स. इंग्रजांशी लढाई संपली तेव्हा एक कुऱ्हाड आणि एक बैलजोडी घेऊन तो व्हरमाँटच्या या डोंगरात आला, जंगल तोडलं आणि शेतातले दगड वेचता वेचता म्हातारा झाला. दगडांचं पीक आमच्याकडे अजूनही न पेरता येतं. त्याचे दोन मुलगे. ओरिनला वरची जमीन आणि जिच्या रसाचा गोड पाक विकला जातो ती मेपलची राई मिळाली, असाहेलला ओढ्याकाठचं कुरण. ओरिन वरच्यांचा, असाहेल आमचा. इथवर कुणाचं काही भांडण नाही.

भांडण एका पानाचं. घरातले जन्म, लग्नं, मृत्यू बायबलातल्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवायची आमच्याकडे रीत. झाडोकमागे त्याची बायको केझाया उन्हाळाभर थोरल्या घरी, हिवाळाभर धाकट्या घरी राहायची. आता थोरलं कुठलं आणि धाकटं कुठलं, त्यावरच तर सगळं अडलं. बायबल तिच्याबरोबर टेकडी चढायचं आणि उतरायचं. १८३९च्या पानगळीत ती खाली आली आणि नाताळाच्या आधी आमच्या घरी वारली. तिचा मृत्यू लिहायला असाहेलने बायबल उघडलं, तर जन्मांचं आणि लग्नांचं पान सुरीने सफाईने कापलेलं.

सहा महिने बायबल वर होतं. मग कापलं कुणी? हातच्या कांकणाला आरसा कशाला! आमच्या घरात ठरून गेलं की असाहेल थोरला होता, मेपलची राई त्याच्या वाट्याची होती, आणि तो पुरावा नाहीसा करायलाच वरच्यांनी पान कापलं. भाऊबंदकीला एवढं पुष्कळ झालं.

पुढची पावणेदोनशे वर्षं आम्ही एकमेकांना पाण्यात पाहिलं. चर्चमध्ये ते उजवीकडे, आम्ही डावीकडे. मार्चमधल्या गावसभेत वरच्यांनी पुलाला हात वर केला की आमचे हात मांडीवर, मग पूल आमच्याच ओढ्यावर का असेना. चर्चच्या जेवणात माझी आई काकवी घालून रात्रभर भाजलेला घेवडा न्यायची. तो वरच्यांपैकी कुणी चाखला नाही, आणि त्यांची भोपळ्याची 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेली गोड पोळी, आम्ही नाही. एकदा मी लहानपणी चोरून खाल्ली. चांगली होती, हे मी आज पहिल्यांदाच सांगते आहे.

चार वर्षांपूर्वी गावाला अडीचशे वर्षं होत आली म्हणून पुस्तक काढायचं ठरलं. प्रत्येक जुन्या घराण्याने आपली दोन पानं लिहायची. हॅस्किन्सांची पानं माझ्याकडे आली, कारण खाली मी एकटी उरले होते आणि वर तर कुणीच नव्हतं. वरचा शेवटचा वेंडेल हॅस्किन्स शेजारच्या गावी वृद्धाश्रमात होता. मी लग्न केलं नाही, गाई विकून दहा वर्षं झालेली, वेळ भरपूर. खरं सांगायचं तर पूर्वजांच्या प्रेमाने मी हे काम घेतलं नाही. पान वरच्यांनी कापलं हे एकदाचं छापून यावं, एवढीच माझी इच्छा होती.

पुरावा हवा म्हणून मी हिंडले. गावच्या कचेरीतली दप्तरं, चर्चच्या वह्या, पाठीवर शेवाळ चढलेले थडग्यांचे दगड, सगळं पाहिलं. दोघा भावांचं जन्मसाल कुठेच मिळेना. गावच्या ग्रंथपालबाईंनी सुचवलं, झाडोक सैनिक होता ना, मग वॉशिंग्टनला त्याच्या पेन्शनची कागदपत्रं असतील, तिथे लिहा. मी लिहिलं. सात आठवड्यांनी जाडजूड पाकीट आलं. छायाप्रतींची चळत होती. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच मी चाळायला लागले, आणि सहाव्या कागदावर ते पान होतं.

तेच पान. डावी कड सुरीने कापलेली, तीही छायाप्रतीत दिसत होती. सोबत केझायाचा जबाब होता, पलीकडच्या गावच्या न्यायाधीशापुढे दिलेला. सैनिकांच्या विधवांना पेन्शन द्यायचा कायदा तेव्हा नुकताच झाला होता. म्हातारीने लिहून दिलं होतं की तिचं वय त्र्याहत्तर, लग्नाचा दुसरा काही पुरावा जवळ नाही, म्हणून हे पान तिने स्वतःच्या बायबलातून स्वतःच्या हाताने कापलं आहे. आणि पुढे, मुलांना यातलं काही ठाऊक नाही. दोघंही मला नीट सांभाळतात, मी सरकारकडे हात पसरला म्हणून लोकांनी त्यांना नावं ठेवू नयेत.

मुलांची अब्रू जाऊ नये म्हणून ती गप्प राहिली, आणि मंजुरी यायच्या आत गेली. पान परत मागायला कुणी उरलंच नाही.

पानावर साफ लिहिलेलं होतं, ओरिन १७८८, असाहेल १७९१. थोरला त्यांचाच. म्हणजे पान कापायचंच होतं तर ते आम्ही कापायला हवं होतं.

पुस्तकासाठी लिहिलेली दोन पानं मी चुलीत घातली. पण मला झाडोक किंवा असाहेल आठवत नव्हता. मला वेंडेल आठवत होता, १९७४ सालच्या सप्टेंबरात आमच्या मागल्या दाराशी उभा राहिलेला.

त्या ऑगस्टात पाऊस हटेना, आणि वेंडेलने गवत जरा ओलंच गोठ्याच्या माळ्यावर भरलं. ओलं गवत आतल्या आत तापतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण आभाळ धमकावत असलं की सगळेच घाई करतात, आम्हीही केलेली. गोठा एका दुपारीत जळून गेला. गाई कुरणात होत्या म्हणून वाचल्या. पण इथल्या हिवाळ्यात गाय बाहेर जगत नाही, आणि बाकीच्यांचे गोठे भरलेले. आमचा मात्र अर्धाअधिक रिकामा. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून वसंतातच मी बऱ्याचशा गाई विकल्या होत्या.

वेंडेलने टोपी काढून हातात घेतली. आमच्या दाराशी आलेला पहिला वरचा हॅस्किन्स.

"व्हर्ना," तो म्हणाला, "तुमच्याकडे जागा आहे असं ऐकलं. एवढा हिवाळा माझ्या गाई ठेवू देशील? चारा माझा, धारा मी काढीन, शेणही मीच उचलीन."

मी एकतीस वर्षांची होते आणि दाराची मूठ माझ्या हातात होती. मी म्हणाले, "पान आणलंय का?"

त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि टेकडी चढून गेला. मी आत जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांची वाचा गेली होती, पण ते उरलेल्या अर्ध्या तोंडाने हसले. त्या हसण्याचा मला कित्येक वर्षं अभिमान होता. आता तो आठवला की अन्न गोड लागत नाही.

ऑक्टोबरात लिलाव झाला. गाई भरलेले ट्रक आमच्याच दारावरून गेले, आणि मी खिडकीतून पाहिले. वेंडेल मग गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायच्या गाडीवर लागला. सव्वीस हिवाळे त्याने आमचा रस्ता साफ केला. बाकी सगळ्यांच्या फाटकाशी गाडीने ढकललेल्या बर्फाचा ढीग पडायचा, आमच्या कधी पडला नाही. मला वाटायचं, मेला मला लाजवायला करतो. मी साधा हातसुद्धा वर केला नाही.

पाकीट आल्यावर मी नऊ दिवस घालवले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसलाच प्रकार. मग ग्रंथपालबाई सहज म्हणाल्या की वेंडेलचं हृदय फार दिवस काढेलसं दिसत नाही, आणि त्याच दुपारी मी गाडी काढली.

तो खिडकीपाशी खुर्चीत होता, गुडघ्यांवर घोंगडी. त्याची नजर गेली होती, आणि आवाजावरून त्याने मला ओळखलं नाही. ओळखणार कसा? दोन वाक्यांपलीकडे त्याने तो ऐकला कधी होता? मी नाव सांगितलं. त्याला आता वाचता येत नव्हतं, म्हणून केझायाचा जबाब मी मोठ्याने वाचला. मग पान वाचलं, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत.

"म्हणजे आम्ही नाही कापलं," तो म्हणाला.

"नाही. तुमच्यातल्या कुणीच नाही."

"माझा बाप मरताना मला सांगून गेला होता, पान आपल्याच घरात असणार, शोध आणि खाली नेऊन दे. मी माळे उपसले, भिंतीच्या फळ्या काढल्या. गोठा जळाला तेव्हा म्हटलं, तिथेच कुठे तरी असेल, आता गेलं. मग तू विचारलंस. मी काय बोलणार? मला वाटलं, पोरगी बरोबर बोलते आहे. मिळालं असतं तर आणलंच असतं की."

मी त्याच्या शिव्या खायची तयारी करून आले होते. याची तयारी नव्हती.

"वेंडेल, मी चुकले," मी म्हणाले. "पान तुम्ही कापलेलं असतं ना, तरीही मी चुकलेच असते."

त्याने हो म्हटलं नाही, की जाऊ दे म्हटलं नाही. आमच्याकडची माणसं तसं चटकन म्हणत नाहीत. बाहेर कुणीतरी जेवणाची गाडी ढकलत नेत होतं, ती जाईपर्यंत तो थांबला.

"त्या हिवाळ्यात तुमच्या गोठ्यात किती जागा रिकाम्या होत्या?"

आठवत नाही म्हणता आलं असतं. पण तो अख्खा हिवाळा मी रोज पहाटे त्या जागांवरून झाडू मारत गेले होते.

"एकतीस," मी म्हणाले.

"माझ्या अठ्ठावीस होत्या."