व्हर्ना पानं टाकत नाही

आमची व्हर्ना पत्ते खेळत नाही, पत्त्यांशी गप्पा मारते. लास व्हेगासच्या पोकर स्पर्धेत, त्या अवाढव्य दालनात हजारो लोक तोंड शिवल्यासारखे बसलेले, आणि ही बाई कसलीही फुटकळ पानं घेऊन डावात उतरणार. वर शेजाऱ्याला सांगणार, "पानं टाकायला नेब्रास्काहून कशाला यायचं? ती घरीही टाकता येतात."

मी लीलंड कुचेरा, तिचा नवरा, नेमका उलटा. पोकरची पुस्तकं कोळून प्यायलेला. चांगलं पान आलं तर खेळायचं, नाहीतर गपगुमान पॅक. दर उन्हाळ्यात या स्पर्धेला येतो आणि दर उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी बाहेर पडतो. एकदा तरी दुसरा दिवस बघायचा, एवढीच माझी इच्छा. व्हर्ना यंदा पहिल्यांदाच उतरली. लोक गळत गेले तशी टेबलं मोडून नवी लावली, आणि ही माझ्याच समोर येऊन बसली. तिच्यापुढे चिपांचा, म्हणजे डावावर लावायच्या चकत्यांचा, डोंगर होता. चिपा संपल्या की माणूस बाहेर, म्हणून माझ्यापुढे होत्या त्या मी जिवापाड सांभाळत होतो.

टेबलावर ब्रेंटली नावाचा एक पोरगा होता, काळा चष्मा लावलेला, याच खेळावर पोट भरणारा. दिवसभर तो सगळ्यांना घाबरवत होता. एका डावात त्याने समोरच्या सगळ्या चिपा पुढे लोटल्या. आम्ही शहाण्यासारखं पॅक केलं. व्हर्ना मात्र तिर्रीच्या जोडीवर भिडली आणि जिंकली. पोराकडे काहीच नव्हतं!

"काकू, तिर्रीवर?" तो किंचाळला. "डोकंबिकं आहे का?"

"हे बघ बाळा, हा समोरचा माणूस आयुष्यात कधी थाप मारत नाही. त्याच्याशी संसार केलाय मी. खरं पान असलं की माणूस कसा बसतो ते मला पाठ आहे. तू तसा बसला नव्हतास."

टेबल हसलं. मला मात्र ते झोंबलं. कधी थाप मारत नाही म्हणे! मी काय देवळातला खांब आहे?

तेवढ्यात पत्ते वाटणाऱ्या बाईने दिवसातला शेवटचा डाव पुकारला. नुसतं पॅक केलं असतं तरी माझा दुसरा दिवस पक्का होता. व्हर्नाने चाल वाढवली. माझ्या हातात सत्ती-दुर्री, म्हणजे पोकरमधली सगळ्यात भिकार पानं. काय अंगात आलं कोण जाणे, मी होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिपा पुढे सारल्या. ती "खेळते" म्हणाली की माझा उद्याचा दिवस गेला.

बाकीच्यांनी पॅक केलं. दिवसभर कुणाला न सोडलेल्या व्हर्नाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिने हातातल्या दोन राण्या उताण्या टाकल्या.

"लीलंडने सगळं लावलंय म्हणजे राजे, नाहीतर एक्के. मी नाही बाई."

मी सत्ती-दुर्री उलटी केली.

टेबलावर नुसता कल्लोळ झाला. ब्रेंटलीने चष्मा काढून पानं पाहिली आणि माझा हात धरून गदागदा हलवला. मी इतका खूश झालो की खुर्ची मागे पडली तेही कळलं नाही.

व्हर्ना अजून माझ्या त्या दोन पानांकडेच बघत होती.

"लीलंड," ती हळूच म्हणाली, "माझ्या आईच्या हातचा आंबवलेला कोबी. दर नाताळला दोनदा वाढून घ्यायचास. तीसुद्धा थापच?"

मी खाली मान घालून उद्यासाठी चिपा पिशवीत भरायला लागलो. तिचं हसू दालनाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं.