डॉक्टर गोड बोलू लागले

डॉक्टर दातांचे, आणि बोलण्यात मोजके. दिवसभर लोकांना 'आ करा' सांगायचं, एवढाच त्यांचा संवाद. कामात चूक झाली की बोलत, बरोबर झालं की गप्प. दवाखान्यात माणसं दोनच: फोन आणि वेळा सांभाळणाऱ्या बाई, आणि खुर्चीपाशी उभी राहून हत्यारं हातात देणारी मदतनीस. अलीकडे दोघींचेही चेहरे उतरलेले असत. डॉक्टरांनी हे थोरल्या बहिणीच्या कानावर घातलं. ती म्हणाली, माणसाला पाठीवर थाप लागते, जरा कौतुक करत जा.

डॉक्टरांनी ते औषधासारखं सुरू केलं. दुसऱ्या दिवशी मदतनिशीला म्हणाले की ती कापूस फार छान देते. बाईंना म्हणाले की त्या फोन सुरेख उचलतात. बाईंनी एकदा फोनकडे पाहिलं आणि 'बरं' म्हणाल्या.

आठवडाभर हे चाललं. चेहरे आणखीच पडले. शेवटी मदतनीस पलीकडच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात मुलाखत देऊन आली, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिची चौकशी करायला फोन केला तो नेमका इथेच.

डॉक्टरांनी दोघींना आत बोलावलं. बसायला एक रुग्णाची खुर्ची तेवढी होती, म्हणून सगळे उभेच राहिले.

"दवाखाना विकताय ना?" बाईंनी सरळच विचारलं.

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. पण तुम्ही एवढं गोड बोलायला लागलात, आम्हाला वाटलं निरोपच देताय."

विकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग, कधी नव्हे ते, विचारलं की तुम्हाला हवं तरी काय.

मदतनीस खाली बघत म्हणाली, "जेवताना घासावरून उठायला लागू नये. बाकी काही नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी काउंटरवर डॉक्टर बसले. गाल सुजलेले एक आजोबा पहिल्यांदाच आले होते. त्यांनी डॉक्टरांना नवा नोकर समजून फैलावर घेतलं आणि तुमचे डॉक्टर कुठे उलथलेत, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, आलेच. त्यांना आत नेऊन खुर्चीत बसवलं आणि स्वतः पांढरा कोट चढवला. आजोबांना 'आ करा' सांगावं लागलं नाही. तोंड उघडंच होतं.

शेजारच्या खोलीत दोघी जेवता जेवता हसत होत्या. मदतनीस हसते कशी, हे डॉक्टरांनी आजवर ऐकलं नव्हतं. तिला त्यांनी हाक मारली नाही. हातमोजे कुठे ठेवतात, ते एकेक कपाट उघडून स्वतःच शोधत राहिले.

ती दुसरीकडे गेली नाही.